शंका-समाधान : लाल ठिपका आणि राखाडी धूर

भाताची धसकटे, उसाचे पाचट आणि डोंगरावरचे वणवे उपग्रहाच्या चित्रांत कसे वाचायचे, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे. नासाचे फर्म्स (आगींच्या ठिपक्यांचा नकाशा) आणि वर्ल्डव्ह्यू (रोजची उपग्रह-चित्रे), युरोपचे कोपर्निकस ब्राउझर आणि इस्रोचे मॉसडॅक ही ज्या संकेतस्थळांची नावे पुढे येतात, ती सगळी फुकट वापरता येतात. काही ठिकाणी फक्त नोंदणी करावी लागते.

प्रश्न : फर्म्सच्या नकाशावर माझ्या उसाच्या फडावर लाल ठिपका दिसतो. त्या दिवशी मी काडीही लावलेली नाही. उपग्रह चुकला का? उद्या कुणी विचारले तर काय सांगू?
(ऊस उत्पादक, शिरोळ तालुका)

उत्तर : बहुधा उपग्रह चुकलेला नाही, ठिपका वाचण्यात चूक होते आहे. फर्म्सवरचे बहुतेक ठिपके व्हीआयआयआरएस या उपकरणाचे असतात. सुओमी-एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ या तीन उपग्रहांवर ते बसवलेले आहे. त्याच्या आगीच्या नोंदीचा एक चौकोन, म्हणजे पिक्सेल, उपग्रह थेट डोक्यावर असताना ३७५ मीटर बाजूचा असतो. क्षेत्र काढा : साधारण १४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ ३५ एकर. तुमच्या भागात एवढ्या जमिनीत वीस-पंचवीस खातेदार सहज असतील. त्यांतल्या कुणाचाही फड पेटलेला असला, तरी नकाशा ठिपका देतो तो चौकोनाच्या मध्यबिंदूवर. तो मध्यबिंदू तुमच्या बांधाच्या आत पडला, इतकेच.

उपग्रह तिरका पाहत असेल, तर चौकोन आणखी पसरतो. व्हीआयआयआरएसचा चौकोन एका फेरीत दिसणाऱ्या पट्ट्याच्या कडेला ८०० मीटरपर्यंत जातो. टेरा आणि अ‍ॅक्वा उपग्रहांवरचे मोडिस हे उपकरण जुने. त्याचा चौकोन मध्यावरच एक किलोमीटरचा आणि कडेला साधारण पावणेपाच किलोमीटर रुंद नि दोन किलोमीटर लांब होतो. ठिपक्यावर टिचकी मारली की माहितीची चौकट उघडते. तिच्यात ‘स्कॅन’ आणि ‘ट्रॅक’ हे दोन आकडे असतात, ते या चौकोनाची रुंदी-लांबी किलोमीटरमध्ये सांगतात. आधी ते पाहावे.

एवढ्या मोठ्या चौकोनात दोन गुंठ्यांची ज्वाळा कशी सापडते, हा पुढचा रास्त प्रश्न. साधी जमीन सुमारे ३०० केल्व्हिन तापमानाची असते आणि तिचे उष्णप्रारण १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त असते. पेटलेले पाचट ८०० ते १००० केल्व्हिनचे, त्याचे प्रारण ३ ते ४ मायक्रॉनजवळ उसळते. म्हणून ४ मायक्रॉनच्या पट्ट्यात चौकोनाचा अगदी लहानसा भाग पेटला, तरी अख्खा चौकोन शेजाऱ्यांपेक्षा तापलेला दिसतो. संगणक शेजारच्या चौकोनांशी तुलना करतो आणि फरक पुरेसा असेल तरच आग म्हणतो. दिवसा याच पट्ट्यात ऊनही परावर्तित होते. पत्र्याची मोठी छपरे, सौर पॅनेल, तळ्यावरची चकाकी यांमुळे कधी खोटा ठिपका उमटतो. अशा शंकास्पद ठिपक्यांवर ‘लो’ विश्वासार्हतेचा शिक्का असतो. ‘नॉमिनल’ म्हणजे चकाकीचा संशय नाही आणि तापमानातला फरक चांगला आहे. ‘हाय’ म्हणजे संवेदकाची मोजण्याची मर्यादाच गाठली गेली.

तेव्हा कुणी विचारले तर सांगा की ठिपक्यावरून गट नंबर ठरत नाही. खरे-खोटे करायचेच असेल, तर त्या तारखेच्या आगेमागे सेंटिनेल-२ या उपग्रहाने टिपलेली चित्रे पाहावीत. त्यांत १० मीटरचा, म्हणजे एका गुंठ्याएवढा चौकोन असतो आणि जळालेला फड न जळालेल्यापासून वेगळा काढता येतो. ते कसे, हे खाली अकोल्याच्या विद्यार्थ्याला दिलेल्या उत्तरात आहे.

प्रश्न : फर्म्सवरून डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये वेळ ‘८१०’ अशी लिहिली आहे. सकाळी आठला कोण शेत पेटवतो?
(शिक्षक, नागपूर)

उत्तर : ती वेळ भारतीय नाही, जागतिक प्रमाणवेळ आहे. मूळ नोंद ०८१०, पण एक्सेल पुढचे शून्य खाऊन टाकते. शेवटचे दोन अंक मिनिटे, आधीचे तास. त्यात साडेपाच तास मिळवा, की दुपारचे १.४० होतात, आणि हीच व्हीआयआयआरएसची नेहमीची वेळ. खरा घोटाळा रात्रीच्या फेरीत होतो. फाइलमध्ये तारीख १० नोव्हेंबर आणि वेळ ‘२००५’ अशी लिहिलेली असेल, तर आपल्याकडे ११ तारखेच्या पहाटेचे १.३५ झालेले असतात. तारीख न बदलता बेरीज केली, तर रात्रीच्या सगळ्या आगी आदल्या दिवसाच्या खात्यात जातात. आधी रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून आयात करा, चार अंक पूर्ण करा आणि मग तारीख व वेळ एकत्र जोडून साडेपाच तास मिळवा.

प्रश्न : नोव्हेंबरात वर्ल्डव्ह्यूवर पंजाबपासून बिहारपर्यंत राखाडी चादर दिसते. हा धूर, धुके की धूळ, हे घरबसल्या ओळखता येईल का?
(निवृत्त अभियंता, पुणे)

उत्तर : बऱ्याच अंशी येईल. पण एकाच चित्रावरून नाही.

वर्ल्डव्ह्यूमध्ये आधी व्हीआयआयआरएसचे ‘ट्रू कलर’ चित्र घ्या, म्हणजे डोळ्यांना दिसेल तसे. त्यात धुके पांढरेशुभ्र, गुळगुळीत आणि कडेला स्पष्ट रेघ असलेले दिसते. हिमालयाच्या पायथ्याशी तर ते अगदी आखल्यासारखे थांबते. धूर राखाडी, किंचित निळसर-तपकिरी असतो आणि त्यातून खालची जमीन पुसट का होईना, दिसते. ताजा धूर एका टोकाला निमुळता आणि वाऱ्याच्या दिशेने फाकत गेलेला असतो.

आता खरी परीक्षा. त्याच दिवसाचा दुसरा थर चढवा. मोडिससाठी त्याचे नाव ‘बँड्स ७-२-१’ आणि व्हीआयआयआरएससाठी ‘एम११-आय२-आय१’. या मांडणीत लाल रंगाच्या जागी २ मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त पट्टा असतो. धुराचे कण एक मायक्रॉनपेक्षाही बारीक, त्यामुळे एवढ्या लांब लहरी त्यांच्यातून जवळपास आरपार जातात. धुक्याचे थेंब त्यांच्या कितीतरी पट मोठे, ते लहरी अडवतात. म्हणून ट्रू कलरमध्ये दिसणारी चादर ७-२-१ मध्ये विरून खालची शेते स्वच्छ दिसू लागली, तर तो धूर समजावा. चादर तशीच पांढरी राहिली, तर धुके किंवा ढग. धूळ मधल्या गटात येते : तिचे कण जाड, त्यामुळे ती पूर्ण नाहीशी होत नाही आणि ट्रू कलरमध्येही पिवळट दिसते. ती बहुधा उन्हाळ्यात राजस्थानाकडून येते, नोव्हेंबरात क्वचित.

दोन्ही चित्रे एकावर एक ठेवून मधला पडदा सरकवायची ‘कंपेअर’ सोय तिथेच आहे. दोन मिनिटांचे काम आहे आणि लोक नेमके तेच टाळतात.

परीक्षा फसते कुठे? धूर आणि धुके एकत्र असतात तिथे. उत्तर प्रदेशात नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात हे नेहमीचे. खाली धुके, त्यात आणि त्यावर धूर, अशा वेळी ७-२-१ फक्त धुके दाखवते. तेव्हा अतिनील किरणांवर आधारलेला ‘एरोसोल इंडेक्स’ हा थर जोडावा. प्रकाश शोषणारे कण म्हणजे धूर किंवा धूळ असली, की त्याचा आकडा शून्याच्या वर चढतो आणि साध्या ढगावर शून्याच्या जवळ राहतो. ढगाच्या वर पसरलेला धूरही त्याला सापडतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. उणी बाजू अशी की जमिनीलगतचा धूर त्याला फार कमी जाणवतो. दिल्लीत श्वास घेणे कठीण झालेले असताना आकडा सामान्य दिसू शकतो. म्हणून ‘इंडेक्स कमी, म्हणून धूर नाही’ असे वाक्य कुणी लिहिले, तर ते मान्य करू नका.

वेळेचाही उपयोग करा. इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस हे आपले भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी थांबल्यासारखे दिसणारे, उपग्रह, प्रत्येकाचे चित्र दर अर्ध्या तासाला येते आणि दृश्य प्रकाशात त्यांची स्पष्टता एक किलोमीटर असते. मॉसडॅकवर सकाळी आठ ते दुपारी तीनची चित्रे ओळीने चालवा. धुके अकरा-बाराच्या सुमारास कडेकडून विरत जाते. धूर विरत नाही, सरकतो. आग मोजायला मात्र इन्सॅटकडे जाऊ नये. त्याच्या मध्य-अवरक्त पट्ट्याचा चौकोन चार किलोमीटरचा, शेतातली आग त्यात बुडून जाते.

प्रश्न : पंजाबातल्या आगी कितीतरी पटींनी कमी झाल्याचे आकडे येतात. मग दिल्लीची हवा तितक्या पटींनी का सुधारत नाही? आकडे खोटे आहेत का?
(वाचक, नाशिक)

उत्तर : आकडे खोटे नाहीत. ते जे मोजतात, ते आपण समजतो त्याहून वेगळे आहे.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा क्रीम्स हा गट दर वर्षी १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या काळात रोज आगींची संख्या जाहीर करतो. पंजाबसाठी ती २०२२ मध्ये ४९,९२२, २०२३ मध्ये ३६,६६३ आणि २०२४ मध्ये १०,९०९ होती. घट मोठी आहे आणि तिच्यातला काही भाग नक्की खरा आहे. धसकटे न जाळता गहू पेरणारी हॅपी सीडर, सुपर सीडर ही यंत्रे वाढली, पेंढ्याच्या गाठी बांधून वीज प्रकल्पांना विकणे वाढले. पण ही संख्या म्हणजे ‘ज्या क्षणी उपग्रह वरून गेला, त्या क्षणी पेटलेले आणि त्याला सापडलेले चौकोन’. व्हीआयआयआरएसचे तिन्ही उपग्रह दुपारी दीडच्या आगेमागे जातात, पूर्वी अ‍ॅक्वाही तेव्हाच जात असे. भाताचे एक शेत पेटते नि विझते अर्ध्या-पाऊण तासात. तीनला पेटवलेले शेत दीडच्या उपग्रहाला दिसणार नाही आणि रात्री दीडला तिथे फक्त गार राख असेल.

दर दहा मिनिटांनी चित्र देणाऱ्या दक्षिण कोरियाच्या जीके-२ए या भूस्थिर उपग्रहाची मोजणी पाहिली, तर पंजाब-हरियाणातल्या जाळण्याची भरती अलीकडच्या वर्षांत दुपारी एक-दोनवरून चार ते सहाकडे सरकलेली दिसते. उपग्रहाची वेळ चुकवली जाते, असा एक तर्क. दंडाच्या भीतीने तपासणीवाले परतल्यावर पेटवतात, हा दुसरा. आकाशातून हेतू दिसत नाही, वेळ दिसते. परिणाम मात्र दोन्हींत एकच, ठिपके कमी आणि धूर तेवढा कमी नाही. शिवाय उशिरा पेटवलेल्या शेताचा धूर अधिक त्रासदायक. दुपारी हवा किलोमीटर-दीड किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते. सूर्य कलला की हा थर काहीशे मीटरवर येतो आणि धूर रात्रभर जमिनीलगत कोंडला जातो.

आणखी तीन गोष्टी ठिपके कमी करतात. पहिली, ढग. दाट ढगाखालची आग दिसत नाही, म्हणून एका दिवसाच्या ‘घटी’वर बातमी करण्याआधी त्या दिवसाचे ट्रू कलर चित्र पाहावे. दुसरी, धूरच. तो फार दाट असला, तर आज्ञावली त्याला ढग समजून तो भाग वगळते. तिसरी, अर्धवट जाळणे : पेंढ्याच्या गाठी उचलून उरलेली धसकटे पेटवली, तर ज्वाळा लहान आणि नोंद चुकण्याची शक्यता जास्त.

मग खरे मोजायचे कसे? ठिपक्यांऐवजी जळालेले क्षेत्र मोजावे. सेंटिनेल-२ च्या चित्रांतली काळी शेते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही काळीच असतात, पेटवण्याची वेळ कुठलीही असो. अशा मोजणीत घट दिसते, पण ठिपक्यांइतकी तीव्र नाही. दुसरा पर्याय आगीच्या प्रारणशक्तीची बेरीज, फाइलमधला ‘एफआरपी’ हा रकाना, मेगावॉटमध्ये. प्रत्येक मेगाज्यूलमागे सुमारे ०.३७ किलो काडीकचरा जळतो, असे प्रयोगांतून निघालेले प्रमाण आहे. म्हणजे १० मेगावॉटची आग त्या क्षणी सेकंदाला पावणेचार किलोच्या आसपास जाळते आहे. संख्या मोजण्यापेक्षा हे केव्हाही बरे, पण तेही उपग्रहाच्या वेळेपुरतेच.

जुन्या वर्षांशी तुलना करताना एक सावधगिरी. टेरा आणि अ‍ॅक्वा यांची कक्षा आता इंधन खर्चून धरून ठेवली जात नाही. टेराची वेळ सकाळी लवकर आणि अ‍ॅक्वाची दुपारी उशिरा सरकत चालली आहे. २००५ चे मोडिस आणि आजचे मोडिस एकाच आलेखावर काढून निष्कर्ष काढू नये. तसेच तीन उपग्रहांचे ठिपके एकत्र बेरजेला घेऊन एकाच उपग्रहाच्या जुन्या आकड्याशी ताडू नयेत. तीच आग तीनदा मोजली जाते.

राहिला दिल्लीचा प्रश्न. तिथल्या हवेत धसकटांच्या धुराचा वाटा किती, याचा रोजचा अंदाज पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था चालवत असलेली निर्णय-साहाय्य प्रणाली देते. ऐन मोसमात काही दिवशी तो एक तृतीयांशाच्या वर जातो, पण बहुतेक दिवशी त्याहून बराच कमी असतो. वाहने, कारखाने, धूळ, चुली हे सगळे वर्षभर तिथेच आहेत. पंजाबातले जाळणे मात्र मुख्यतः तीन-चार आठवड्यांत उरकते, कारण २००९ च्या भूजल संरक्षण कायद्याने भाताची लावणी जूनपर्यंत पुढे गेली, कापणी ऑक्टोबरअखेरीस आली आणि गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायची घाई. शेत रिकामे करायला हाताशी थोडेच दिवस उरतात, आणि नेमका तेव्हाच वारा मंदावतो.

प्रश्न : कोल्हापूर-सांगलीत जाळलेल्या पाचटाचे क्षेत्र काढण्याचा प्रकल्प घेतला आहे. फर्म्सचे ठिपके फारच थोडे आहेत. काय करावे?
(कृषी पदवीचा विद्यार्थी, अकोला)

उत्तर : ठिपके सोडून द्या, कारण एकराचे पाचट पंधरा-वीस मिनिटांत संपते आणि तेही बहुधा संध्याकाळी. सेंटिनेल-२ कडे वळा. तो सकाळी अकराच्या सुमारास जातो आणि साधारण पाच दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येतो. गाळप हंगामात तिकडे आकाश बहुतेक निरभ्र असते, ही तुमच्या पथ्यावर पडणारी गोष्ट.

कोपर्निकस ब्राउझरवर खाते उघडा. ‘लेव्हल-२ए’ निवडा, म्हणजे वातावरणाचा परिणाम आधीच काढलेला असतो. ढगांची मर्यादा १० टक्के ठेवा. रंगांची मांडणी स्वतः करता येते : लाल जागी बी-१२ (लघु-अवरक्त पट्टा), हिरव्या जागी बी-८ए (निकट-अवरक्त), निळ्या जागी बी-४ (लाल प्रकाश). या मांडणीत उभा ऊस हिरवा, पाचट पसरलेले तोडलेले रान फिकट गुलाबी-पांढरट आणि जळालेले रान गडद तांबूस-तपकिरी दिसते. डोळ्यांनी एवढे ओळखता आल्याशिवाय गणिताकडे जाऊ नका.

गणितात जळीत ओळखायचा एनबीआर हा निर्देशांक नेहमी सांगितला जातो : बी-८ए वजा बी-१२, भागिले दोन्हींची बेरीज. जाळण्याआधीच्या एनबीआरमधून नंतरचा वजा केला, की जळाल्याची तीव्रता मिळते असे पुस्तकात असते. ते जंगलासाठी. उसात हा मार्ग सरळ खड्ड्यात नेतो, कारण ऊस नुसता तोडला तरी हिरवा पाला गेल्याने बी-८ए खाली येतो, बी-१२ वर जातो आणि फरक जाळल्यासारखाच दिसतो. जंगलासाठी ठरवलेले आकड्यांचे उंबरठे लावले, तर तालुक्यातला तोडलेला सगळा ऊस ‘जळीत’ निघेल!

उपाय असा की तुलना उभ्या उसाशी नको, तोडलेल्या रानाशी करावी. प्रत्येक फडाची ओळीने तीन चित्रे हवीत : उभा ऊस, तोड झालेले फिकट रान आणि त्यानंतरचे. फिकट रान पुढच्या चित्रात सर्वच पट्ट्यांत काळवंडले, तर जळाले, नांगरले किंवा पाणी दिले, यांपैकी काहीतरी घडले. ओली काळी जमीन आणि राख ट्रू कलरमध्ये सारखीच काळी दिसतात, नवख्याची हमखास चूक इथेच होते. फरक बी-१२ सांगतो. पाणी हा पट्टा शोषून घेते, म्हणून ओल्या रानात बी-१२ खूप खाली जातो. राखेच्या रानात तो बी-८ए च्या तुलनेत वरच राहतो. कोरडी नांगरट सर्वांत अवघड. तिथे प्रत्यक्ष पाहणीला पर्याय नाही. जाळलेल्या आणि पाचट कुट्टी केलेल्या, दोन्ही प्रकारच्या किमान चाळीस-चाळीस फडांची मोबाइलच्या जीपीएसवर नोंद करा. निम्म्यांवर उंबरठे ठरवा, निम्म्यांवर तपासा.

बी-१२ आणि बी-८ए यांचा चौकोन २० मीटरचा, म्हणजे सुमारे चार गुंठ्यांचा. एकराला दहाच चौकोन. त्यांतले कडेचे चौकोन शेजारच्या रानात पाय टाकून बसलेले. म्हणून फडाच्या हद्दीपासून १० मीटर आत रेघ मारून आतलेच चौकोन घ्या आणि एकरापेक्षा लहान फड हिशेबातून वगळून तसे अहवालात लिहा. १० मीटरवर ‘रीसॅम्पल’ केल्याने नवी माहिती येत नाही, फक्त चित्र गुळगुळीत होते. क्षेत्र मोजण्याआधी क्यूजीआयएस या नकाशे हाताळणाऱ्या फुकट संगणक-प्रणालीत थर मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपणावर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकावर न्या. अक्षांश-रेखांशात मोजलेले क्षेत्र अंशांत येते, त्याचा उपयोग नाही.

हेक्टरी ८ ते १० टन पाचट धरून जळालेल्या वजनाचा अंदाज बांधता येतो, पण सगळे जळत नाही. खालचा ओलसर थर पुष्कळदा तसाच राहतो. जळालेला वाटा पाच-सहा फडांत चौरस मीटरची चौकट टाकून, राहिलेले वजन करून काढा. एक इशारा : तोडणी सोपी व्हावी म्हणून उभा पेटवलेला ‘जळीत ऊस’ ही वेगळी गोष्ट आहे. त्यात फिकट रानाची मधली पायरीच येत नाही. त्याची वेगळी यादी ठेवा.

प्रश्न : आमच्या गावाच्या वन व्यवस्थापन समितीला वणव्याचा संदेश मोबाइलवर मिळतो. पण जागेवर गेलो तर काही सापडत नाही.
(समिती सदस्य, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : हे संदेश डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून येतात. कुणालाही आपल्या भागापुरती नोंदणी करता येते. जागा न सापडण्याची कारणे आम्ही शक्यतेच्या क्रमाने देतो.

सर्वांत आधी अंशांची लिपी तपासा. संदेशात २०.१८३० असेल आणि मोबाइलमध्ये ते २० अंश १८ मिनिटे ३० सेकंद असे भरले, तर तुम्ही जवळजवळ १४ किलोमीटर उत्तरेला जाऊन उभे राहता. हे फार ठिकाणी घडते. दुसरे, ठिपका चौकोनाचा मध्य आहे, म्हणून व्हीआयआयआरएसच्या संदेशावर किमान २०० मीटरचा आणि उपग्रह कडेने गेला असेल तर ४००-५०० मीटरचा घेर शोधावा लागतो. मोडिसचा संदेश असेल, तर घेर त्याहून मोठा. तिसरे, संदेश येईपर्यंत फेरी होऊन काही वेळ गेलेला असतो. पालापाचोळ्याची जमिनीलगतची आग तेवढ्यात वाऱ्याबरोबर पुढे सरकते, मागे फक्त काळा पट्टा राहतो. वारा कुठून होता ते पाहून त्याच्या पुढच्या बाजूला जा.

आणि जानेवारी-फेब्रुवारीतले ठिपके वणव्याचे नसूही शकतात. वनविभाग १५ फेब्रुवारीला हंगाम सुरू होण्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचे मोकळे पट्टे, स्वतःच जाळून घेतो. सरळ ओळीत, रस्त्याच्या किंवा कंपार्टमेंटच्या हद्दीवर ठिपके दिसले, तर आधी वनरक्षकाला विचारा. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवतात आणि पुढे तेंदूच्या कोवळ्या पानांसाठी. तिथे ठिपके विखुरलेले येतात. उलट बाजू लक्षात ठेवा : दोन उपग्रह-फेऱ्यांच्या मधे लागलेली, घळीतली, दाट झाडोऱ्याखालची लहान आग कुठल्याही संदेशात येणार नाही. २०२३ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात वणवे लागले, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकायला आणावी लागली. असल्या तीव्र उताराच्या जागी टेहळणीचा माणूस लागतोच. क्यूजीआयएस वापरत असाल, तर तुमचा जिल्हा यूटीएम ४४ मध्ये येतो, ४३ मध्ये नाही.

प्रश्न : उपग्रहाच्या नकाशावर आमच्या शहरावर एओडी ०.८ दाखवतो, पण केंद्रावर पीएम २.५ चा आकडा ४० म्हणजे समाधानकारक. कुणाचे खरे?
(डॉक्टर, अमरावती)

उत्तर : दोन्ही खरे. एओडी म्हणजे जमिनीपासून वरच्या टोकापर्यंतच्या सगळ्या हवेने किती प्रकाश अडवला त्याचा आकडा. केंद्र मोजते ते नाकाच्या उंचीवरचे. उत्तरेकडचा धूर विदर्भापर्यंत येतो तेव्हा पुष्कळदा दीड-दोन किलोमीटरवरून जातो. वेळही वेगळी : एओडी दुपारच्या एका क्षणाचा, केंद्राचा आकडा २४ तासांच्या सरासरीचा. हवेत दमटपणा असेल, तर कण पाणी शोषून फुगतात आणि वजन तेच राहूनही एओडी वाढतो.

धूर किती उंचीवर आहे, हे पाहायला लेसरने थर मोजणारा कॅलिप्सो उपग्रह होता, तो २०२३ मध्ये थांबला. २०२४ च्या मे महिन्यापासून अर्थकेअर आहे, पण त्याची रेघ तुमच्या गावावरून क्वचितच जाईल. घरबसल्या जमण्यासारखा मार्ग म्हणजे अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेच्या हायस्प्लिट या संकेतस्थळावर हवेचा मागोवा काढणे. अमरावतीचे अक्षांश-रेखांश भरा, ‘बॅकवर्ड’ निवडा, ७२ तास आणि तीन उंची द्या : १००, ५०० आणि १५०० मीटर. १५०० ची रेघ पंजाबकडून आणि १०० ची तेलंगणाकडून आली, तर तुमच्या कोड्याचे उत्तर मिळाले. एकाच उंचीची रेघ काढून ‘धूर इथून आला’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

रुग्णांना सल्ला देताना केंद्राचा आकडा पाहावा, नकाशाचा नाही. नकाशावर एखाद्या दिवशी पांढरी रिकामी जागा दिसली, तर ती स्वच्छ हवा समजू नये. अतिदाट धूरही ढग समजून गाळला जातो.

प्रश्न : कॅनडातल्या वणव्यांचा धूर इकडे येतो. किती तास आधी कळू शकेल?
(वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तुमच्याकडे सोयी आपल्यापेक्षा चांगल्या आहेत. गोज-ईस्ट हा भूस्थिर उपग्रह अमेरिकेच्या मुख्य भूमीचे चित्र दर पाच मिनिटांनी देतो. धूर पाहायला सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास निवडा. तिरप्या उन्हात तो उठून दिसतो, भर दुपारी जवळपास अदृश्य होतो. नोआचे विश्लेषक रोज धुराचे हलका, मध्यम, दाट असे पट्टे हाताने आखतात, पण ते पट्टे धूर जमिनीवर आहे की वर, हे सांगत नाहीत. त्यासाठी ‘एअरनाऊ’ या अमेरिकी हवा-गुणवत्ता संकेतस्थळाच्या आग-धूर नकाशावरची जमिनीवरची केंद्रे आणि धुराचा अंदाज देणाऱ्या एचआरआरआर-स्मोक या प्रारूपाचा जमिनीलगतचा थर पाहावा. क्यूबेककडून उत्तरेचा वारा लागला, की साधारण एक ते दोन दिवसांची आगाऊ कल्पना मिळते. ७ जून २०२३ ला न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले, तो धूर तिथूनच आला होता.

प्रश्न : मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात रोज रात्री ठिपके असतात. जहाजे जळतात काय?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वसई)

उत्तर : नाही. मुंबई हाय तेलक्षेत्रात जादा वायू जाळला जातो, त्या ज्योती आहेत. झरियाच्या पेटलेल्या कोळशाच्या खाणी आणि पोलाद कारखान्यांच्या भट्ट्याही अशाच वर्षभर दिसतात. फर्म्सच्या संग्रहातील तपासून पक्क्या केलेल्या फाइलमध्ये ‘टाइप’ हा रकाना असतो : ० म्हणजे झाडझाडोरा किंवा शेत, १ ज्वालामुखी, २ जमिनीवरचा कायमचा उष्ण स्रोत, ३ समुद्रातला. आगी मोजताना फक्त ० ठेवा. ताज्या, त्याच दिवशीच्या फाइलमध्ये हा रकाना नसतो. तिथे वर्षातून पन्नासेक दिवस एकाच चौकोनात परत परत येणारे ठिपके स्वतः शोधून बाजूला काढावे लागतात.